व्हॅक्यूमची वाटणी

स्पोर्ट्स कारवाल्यांनी माझ्या दारात यावं असा माझा धंदा नाही. मी गोठ्यांची बाई आहे. गाई-म्हशींची धार काढणाऱ्या यंत्रांना जे व्हॅक्यूम लागतं, त्याचे पंप, टाक्या, नळ्या मी गेली सत्तावीस वर्षं गोकुळ शिरगावच्या एका शेडमध्ये जुळवते. कागल तालुक्यातल्या निम्म्या मोठ्या गोठ्यांचं पाइपिंग वृषाली साळोखेच्या हातचं आहे, म्हणजे माझ्या. कुणी मला व्हॅक्यूम शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. धाकटा भाऊ तर माझ्यासमोर त्या विषयावर तोंडच उघडत नाही.

तोच भाऊ, धैर्यशील, नोव्हेंबरातल्या एका दुपारी शेडमध्ये आला आणि वाटीएवढा एक पत्र्याचा डबा त्यानं माझ्या टेबलावर ठेवला. डब्याच्या एका बाजूला नळीचं तोंड, दुसऱ्या बाजूला एक बारीक दांडी.

"अक्का, ह्याला व्हॅक्यूम किती लागंल, बघतीस काय?"

मी नळीला तोंड लावून हवा ओढली. दांडी सुळकन आत गेली. सोडली, तशी बाहेर आली. आत एक लवचीक पडदा होता. हवा ओढली की पडदा मागं सरकतो आणि दांडीला ओढतो. आमच्या मिल्किंग मशीनमध्ये असंच चालतं.

"हा कशाला बसतो?"

"सायलेन्सरच्या फ्लॅपला," तो म्हणाला आणि समोरच्या बादलीवर बसला. तो बादलीवर बसला म्हणजे तासाभराची निश्चिती असते.

धैर्यशीलची गाडी म्हणजे दोन सीटांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी, लाल रंगाची पेट्रोल गाडी. अकरा वर्षं खपून त्यानं ती स्वतःच्या हातानं बांधली. इंजिन भंगारातून आणलं, चेसिस स्वतः वेल्ड केली, सीटसुद्धा स्वतः शिवली. त्याचं लग्न मोडलं तेव्हा त्या गाडीपायी मोडलं असं लोक म्हणाले. मला तसं वाटत नाही. पण लग्न मोडल्यावर तो उभा राहिला तो त्या गाडीमुळं, हे मला नक्की ठाऊक आहे. सहा महिने माणूस कुणाशी बोलत नव्हता, फक्त गॅरेजमध्ये पाने फिरवत होता. मी जेवणाचा डबा घेऊन जायचे आणि गाडीखालून बाहेर आलेल्या त्याच्या पायांशी बोलून परत यायचे.

आणि आता ती गाडी जाणार होती. सरकारनं पेट्रोलवर बंदी आणली नव्हती, आवाजावर आणली होती. विजेच्या गाड्यांनी रस्ते एवढे गप्प झाले की लोकांचे कान नाजूक झाले. एखादं इंजिन गुरगुरलं तरी माणसं खिडकीत येऊन बघायला लागली. मग शहरांतून, अभयारण्यांतून शांतपट्टे आखले गेले आणि रस्त्याकडेला आवाज मोजणारे खांब उभे राहिले. बासष्ट डेसिबलच्या आत राहून जी पेट्रोल गाडी अख्खा शांतपट्टा पार करील तिला दाखला. ३१ डिसेंबर २०४१ नंतर ज्या गाडीला दाखला नाही, ती भंगारात. एका गाडीला एकच संधी.

"बासष्टमधे तर माझा मिक्सरपण चालत नाही," मी म्हणाले.

"त्यासाठीच तर फ्लॅप."

मग त्यानं मला जे सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. इंजिनचा आवाज म्हणजे तापलेल्या धुराच्या चापट्या. प्रत्येक सिलिंडर पाइपात एक चापट मारतो. जुन्या स्पोर्ट्स कारच्या पाइपात एक फ्लॅप असायचा. उघडला की धूर सरळ बाहेर, डरकाळीसकट. मिटला की धूर लांबच्या वाटेनं, गपचूप. मालक बटण दाबून हवं तेव्हा हवं ते करायचा. तीन वर्षांपूर्वी काही संशोधकांना असं आढळलं, की हा फ्लॅप नुसता उघडून-मिटून न ठेवता सेकंदाला तीस-चाळीस वेळा, नेमक्या क्षणी हलवला, तर एका चापटीचा प्रतिध्वनी पुढच्या चापटीला खाऊन टाकतो. दोन लाटा समोरासमोर येऊन सपाट होतात, तसं. इंजिन तेवढंच चालतं, ताकद तेवढीच, आणि बाहेर शिलाई मशीनइतका आवाज. नेमका क्षण कोणता, हे गाडीतला प्रोग्राम ठरवतो.

पण फ्लॅप हलवणार कोण? विजेच्या छोट्या मोटरी सायलेन्सरच्या उष्णतेनं जळून जातात. धैर्यशीलनं दोनदा जाळल्या होत्या. पत्र्याच्या डब्याला उष्णतेचं काही वाटत नाही, कारण त्यात पडद्याशिवाय काही नसतंच. म्हणून व्हॅक्यूम. मात्र प्रत्येक झटक्याला डबा घोटभर व्हॅक्यूम पितो, आणि सेकंदाला चाळीस घोट म्हणजे काही थोडं नव्हे. ते आणायचं कुठून, हे ठरवायला तो माझ्याकडं आला होता.

दोन वाटा होत्या. एक, वेगळा विजेचा पंप आणि त्याची स्वतंत्र टाकी. खात्रीचं काम, पण त्यासाठी गाडीची फरशी कापावी लागणार, आणि पंप यायला दोन महिने. परीक्षा तीन आठवड्यांवर. दुसरी वाट म्हणजे इंजिनचं स्वतःचं व्हॅक्यूम. पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झाकणाच्या, मागं आपोआप व्हॅक्यूम तयार होतं. ते फुकटचं असतं. ब्रेकलाही तेच जातं. ब्रेकच्या पेडलमागं एक ढोलकं असतं, ते या व्हॅक्यूमवर चालतं आणि आपल्या पायाची ताकद चौपट करतं.

"मग इंजिनचंच घे की," मी म्हणाले. "पुरतंय."

"पण फ्लॅप दोन हायत, नळी लांब जातीय. मागच्या फ्लॅपला पोचेस्तोवर जोर कमी पडतोय."

हे ऐकून मला हसू आलं, कारण या दुखण्याचं औषध मी रोज विकते. वीस जनावरांच्या गोठ्यात सरळ पाइप टाकला तर शेवटच्या म्हशीला व्हॅक्यूम पुरत नाही, तिच्या सडांना लावलेले कप गळून पडतात. म्हणून आम्ही पाइप फिरवून परत पंपाशी आणतो आणि रिंग करतो. हवेला दोन्ही बाजूंनी वाट मिळते आणि पहिल्या म्हशीला जेवढं तेवढंच विसाव्या म्हशीला. मी तिथल्या तिथं कागदावर त्याच्या गाडीची रिंग काढली. इंजिन, ब्रेकचं ढोलकं आणि दोन्ही फ्लॅप, सगळे एकाच रिंगवर.

त्यानं कागद बराच वेळ बघितला.

"ब्रेकच्या नळीत एनआरव्ही हाय," तो म्हणाला. एनआरव्ही म्हणजे हवेला एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. "त्यो पण काढायचा?"

"रिंगमधे एनआरव्ही ठेवला तर रिंग कशाची? वाट अडली की वाटणी बिघडली."

"न्हाई, म्हणजे, कंपनीनं घातलाय म्हणून विचारलं."

"कंपनीनं गोठा बघितलाय काय? मला शिकवतोस?"

त्यानं कागद घडी करून खिशात घातला. मी म्हटलं ना, त्या विषयावर तो माझ्यासमोर बोलत नाही. पुढं तो व्हॉल्व्ह मी माझ्या हातानं काढला.

गाडी शेडमध्ये आणून आम्ही रिंग जोडली. दोन दिवस इंजिन चालवलं, कागलच्या सपाट रस्त्यावर पन्नास किलोमीटर फिरवलं. व्हॅक्यूमच्या मीटरचा काटा पन्नासवरून हलला नाही. आवाज अठ्ठावन्न. धैर्यशील एवढा हरखला की त्यानं माझं ड्रॉइंग पेट्रोल गाड्यांच्या सरकारी रजिस्टरवर टाकलं. गाडीच्या नंबरसकट, माझ्या नावासकट. आठवड्याभरात अकरा जणांनी ते आपल्या गाड्यांना बसवून तिथंच नोंदवलं. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली होती.

परीक्षा गगनबावड्याहून खाली वैभववाडीकडं उतरणाऱ्या घाटात होती. सकाळी दहा ते बारा रस्ता इतर वाहनांना बंद. वर एक गेट, खाली ध्वनितपासणीची केबिन. खाली एका गाडीचा निकाल नोंदला गेला की वरचं गेट आपोआप उघडतं आणि पुढची गाडी सुटते. गाडीत बसलं की फोन बंद. सोबत एक माणूस चालतो, म्हणून मी व्हॅक्यूमचा मीटर मांडीवर घेऊन बसणार होते. काटा समोर नसला तर मला चैन पडत नाही.

आमच्या मागचा नंबर इचलकरंजीच्या जिनेंद्र मगदूमांचा होता. साठीचे, यंत्रमागवाले, पिवळी गाडी. सोबत बायको पद्मजाताई, मांडीवर पोह्यांचा डबा. त्यांनी आम्हाला चहा पाजला.

"अक्का, तुमचं ड्रॉइंग म्हटल्यावर डोळे झाकून बसवलं बघा," मगदूम म्हणाले. "ही म्हणत हुती, ब्रेकला कशाला हात लावताय. मी म्हटलं, ज्यांनी केलंय त्यास्नी कळतंय की."

"मी येणारच नव्हते," पद्मजाताई म्हणाल्या. "पण आयुष्यभर ह्या गाडीच्या आवाजानं डोकं उठवलं माझं. गप्प झालीय तर एकदा बसून बघावं म्हटलं."

आम्ही सगळे हसलो. मग आमचं गेट उघडलं.

पहिली तीन वळणं फार सुरेख गेली. इंजिन चालू आहे यावर विश्वास बसू नये असा आवाज होता. बाहेरच्या झाडीतला एक पक्षी स्पष्ट ऐकू येत होता. समोरच्या स्क्रीनवर सत्तावन्न, अठ्ठावन्न. धैर्यशीलच्या गालाचा स्नायू सैल झाला होता, जसा लहानपणी पतंग वर गेल्यावर व्हायचा.

मग उतार वाढला. त्यानं पेट्रोलवरचा पाय काढला.

काटा पन्नासवरून सत्तेचाळीसवर आला. मी मीटरवर टिचकी मारली. सत्तेचाळीसच. पुढच्या वळणाआधी त्यानं ब्रेक दाबला, काटा एक्केचाळीस झाला. तो परत वर यायला हवा होता. आला नाही.

"ब्रेक कसा हाय?" मी विचारलं.

"थोडा जड वाटतोय. का गं?"

"काही नाही. हळू घे."

छत्तीस. गोठ्यात काटा चाळीसच्या खाली गेला की मी माणसांना फैलावर घेते. इथं कुणाला घेणार? मी कान लावून ऐकलं. आसनाखालून फ्लॅपची धडधड येत होती, आणि ती सपाट रस्त्यावर होती त्यापेक्षा कितीतरी जलद होती. आणि इंजिन गाडीला धरतच नव्हतं. उतारावर पाय सोडला की इंजिन गाडीला मागं खेचतं, तसं काही जाणवत नव्हतं.

तेव्हा मला कळलं. एका क्षणात सगळं कळलं.

उतारावर पेट्रोल सोडलं की स्पोर्ट्स कारच्या पाइपातून फटाके फुटतात. ते फुटू नयेत म्हणून प्रोग्राम दोन गोष्टी करत होता. फ्लॅप जास्त वेगानं हलवत होता, म्हणजे व्हॅक्यूम जास्त पीत होता. आणि इंजिनचं थ्रॉटल मिटू न देता उघडं ठेवत होता. थ्रॉटल उघडं म्हणजे मागं व्हॅक्यूम तयारच होणार नाही. पिणारे वाढले आणि पिकवणारा थांबला. आणि हे नेमकं त्याच ठिकाणी, जिथं ब्रेक सगळ्यात जास्त लागतो. सपाट रस्त्यावर हे कधी दिसलंच नसतं.

एनआरव्ही असता तर ब्रेकच्या ढोलक्यातलं व्हॅक्यूम तिथंच कोंडून राहिलं असतं. इंजिननं हात वर केले तरी चार-पाच दाबांपुरतं पाठीशी राहिलं असतं. त्यासाठीच तो घातलेला असतो. मी तो काढला होता, आणि माझी रिंग ब्रेकमधलं व्हॅक्यूम इमानेइतबारे काढून फ्लॅपला वाढत होती. सगळ्यांना समान. गोठ्यात व्हॅक्यूम पडलं तर कप गळतो, म्हैस लाथ मारते, आपण पुन्हा कप लावतो. तिथं उपाशी राहून कुणी मरत नाही. म्हणून सत्तावीस वर्षांत मला कधी विचारच करावा लागला नव्हता, की एखाद्याला दुसऱ्यांपेक्षा आधी द्यायचं असतं.

"गिअर खाली टाक."

"आवाज जाईल अक्का. एकसष्ट चाललाय."

"टाक म्हटलं ना."

त्यानं दुसरा टाकला. गाडी तेवढीच धावत राहिली. उघड्या थ्रॉटलचं इंजिन काय धरणार? काटा बावीस. धैर्यशीलनं दोन्ही पाय पेडलवर ठेवले आणि सीटवरून अर्धा उठला. गाडी वळणात बाहेर फेकली गेली, डावी चाकं खडीत उतरली, खडी तळाला ताडताड लागली. कशीबशी परत डांबरावर आली.

"पायाखाली दगड आल्यागत झालंय," तो म्हणाला. आवाज शांत होता, आणि त्याची मला जास्त भीती वाटली. "अक्का, थांबंना झालीय."

समोर दोनशे मीटरवर उजवीकडं वळण, वळणावर कमरेएवढा कठडा आणि कठड्यापलीकडं नुसतं धुकं.

मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच नव्हता. गोठ्यात एखाद्या म्हशीचा कप गळला की आधी म्हशीकडं बघायचं नसतं. आधी तिची नळी मुडपायची, म्हणजे बाकीच्यांचं व्हॅक्यूम वाया जात नाही. हे मी माझ्याकडं कामाला येणाऱ्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते. रिंगवरून दोन्ही फ्लॅपकडं फुटणारी एकच नळी माझ्या डाव्या गुडघ्याशेजारून गेली होती. मी वाकून ती धरली, दुहेरी मुडपली आणि दोन्ही मुठींत आवळली. नळी तापलेली होती. तळहात भाजला. सोडली नाही.

फ्लॅपना व्हॅक्यूम मिळेना. स्प्रिंगनी ते सताड उघडले, आणि आमच्या पाठीमागं आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. घाटभर घुमला. स्क्रीन लाल झाला, त्यावर एकशे चार. फ्लॅप हलत नाहीत असं कळल्यावर प्रोग्रामनं नाद सोडला आणि थ्रॉटल मिटलं. मांडीवरचा काटा चौदावरून वीस, बत्तीस, सत्तेचाळीस. धैर्यशीलच्या पायाखालचं पेडल खाली गेलं. चाकं करकचून धरली गेली. माझं कपाळ पुढं आपटलं.

गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि कठडा यांच्यात दीड वीत अंतर होतं. ते मी नंतर उतरून मोजलं.

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मला त्याचा हात धरायचा होता, पण मूठ उघडत नव्हती. धैर्यशीलनं दरीकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. तो स्क्रीनवरच्या एकशे चारकडं बघत होता.

"फकस्त दीड किलोमीटर राहिलं हुतं," तो म्हणाला.

मी नळी तारेनं बांधली आणि उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये, गर्जत उतरलो.

खालच्या केबिनमध्ये कुबल मॅडम होत्या. पस्तिशीच्या, कोकणातल्या, टेबलावर नीट लावलेले कागद. माझ्या हातावर त्यांनी आधी मलम लावलं, मग स्क्रीन आमच्याकडं फिरवला.

"मला वाईट वाटतं. शेवटच्या टप्प्यापर्यंत तुमच्याइतकी शांत गाडी या महिन्यात उतरली नाही," त्या म्हणाल्या. "आता कारण नोंदवायचंय. दोन पर्याय आहेत. बाहेरून हस्तक्षेप झाला असेल, चुकून धक्का लागला, नळी दबली, तर गाडीला उद्या दुसरी संधी मिळते. मात्र गाडी आहे तशीच उतरवायची, स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. आणि रचनेतच दोष असेल तर हे ड्रॉइंग रद्द होतं. ते बसवलेल्या सगळ्या गाड्या जिथं असतील तिथं थांबवल्या जातात. पुढचा अर्ज मग एप्रिलमध्ये."

"एप्रिलमधे गाडी कुठं आसंल?" धैर्यशील म्हणाला.

भंगारात. हे सगळ्यांनाच माहीत होतं. मॅडमनी स्क्रीनवरच्या घड्याळाकडं बोट केलं.

"पंधरा मिनिटांत नोंद व्हायला हवी. नाही केली तर मशीन हस्तक्षेप धरून चालतं आणि वरचं गेट उघडतं."

धैर्यशीलनं मला दंडाला धरून बाहेर नेलं. गाडी उन्हात उभी होती, डाव्या अंगाला खडीचे ओरखडे.

"हस्तक्षेपच झालाय अक्का. नळी तूच दाबलीस. खोटं कुठं हाय त्यात?"

"का दाबली?"

"त्ये त्यांनी विचारलंय कुठं?" तो बोलतच सुटला. "उद्या मी एकटा उतरतो. आता मला म्हाईत हाय ना. पहिल्यापासनं हळू घेतो, ब्रेक जपून वापरतो. दाखला मिळू दे, मग पंप बसवू, एनआरव्ही बसवू, तू म्हणशील ते करू."

"आणि उद्या तो कठडा आला म्हणजे? शेजारी मी नसेन."

"न्हाई येणार."

"आज येणार होता काय?"

तो गाडीच्या छपरावर हात ठेवून उभा राहिला. मला त्याचा राग येत नव्हता. अकरा वर्षं त्यानं ज्या गोष्टीला धरून दिवस काढले, ती त्याच्याकडून काढून घ्यायची होती, आणि तीही माझ्या चुकीपायी. त्यानं विचारलं होतं मला. तो व्हॉल्व्ह पण काढायचा का, म्हणून सरळ विचारलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं होतं.

"धैर्या, चूक माझी आहे," मी म्हणाले. "सपाट रस्त्यावर बघून मी तुला घाटात उतरवलं. तू विचारलंस तेव्हा ऐकायला हवं होतं. पण वर मगदूम गाडीत बसलेत. पद्मजाताई बसल्यात शेजारी."

त्यानं झटकन फोन काढला आणि मगदूमांना लावला. बंद. अर्थात बंद. त्यानं पुन्हा लावला, मग पद्मजाताईंना. तोही बंद.

आम्ही धावत केबिनमध्ये गेलो. स्क्रीनवर सहा मिनिटं उरली होती.

"मॅडम, वरची गाडी थांबवा," धैर्यशील म्हणाला. "नुसती थांबवा. तेवढंच."

"मी फक्त आवाज मोजते हो. गेट माझ्या हातात नाही," कुबल मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचाही चेहरा उतरला होता. "थांबवायचं तर लेखी दोष लागतो. ड्रॉइंग करणाऱ्याची सही आणि गाडीच्या मालकाचा अंगठा, दोन्ही."

मी स्क्रीनवर लिहायचं पेन घेतलं. भाजलेल्या हातानं अक्षर वाकडंतिकडं आलं. 'ब्रेक व फ्लॅप एकाच रिंगवर. ब्रेकचा एनआरव्ही काढलेला. उतारावर ब्रेकचे व्हॅक्यूम संपते. दोष रचनेचा.' खाली सही केली, आणि स्क्रीन भावाकडं सरकवला. त्यापुढं माझ्या हातात काही नव्हतं. त्यानं अंगठा दिला नसता तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. घाटातून वर पळत सुटले असते बहुतेक.

चार मिनिटं. तो दारातून बाहेर, गाडीकडं बघत होता.

"पोह्याचा डबा हुता मांडीवर त्यांच्या," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला कोण जाणे. मग त्यानं अंगठा टेकवला.

स्क्रीनवर बारा गाड्यांचे नंबर एकाखाली एक आले. पहिला आमचा, दुसरा पिवळ्या गाडीचा. सगळ्यांपुढं एकच शब्द होता, 'थांबवली'. कुबल मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. धैर्यशील बाहेर गेला आणि गाडीच्या सावलीत जमिनीवर बसला. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले, तर त्यानं मान वर केली नाही. मी तिथंच उभी राहिले.

थोड्या वेळानं त्याचा फोन वाजला. मगदूमांचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता. गेट उघडता उघडता बंद झालं, स्क्रीनवर दोष दाखवतंय, काय लावलंय हे, ३१ तारीख काय परत येणार आहे का, कुणाच्या भरवशावर आम्ही ब्रेकला हात लावला. धैर्यशीलनं सगळं ऐकून घेतलं.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलंय. त्ये ड्रॉइंग माझंच हुतं. अक्कांनी फकस्त नाव दिलं हुतं."

मी खाली वाकले आणि त्याच्या कानावरचा फोन काढून घेतला. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"मगदूम, मी वृषाली साळोखे बोलतेय. तो खोटं सांगतोय. ड्रॉइंग माझं आहे, चूकही माझीच आहे. मला काय बोलायचं ते नंतर बोला. आधी गाडीतून उतरा आणि कागद घ्या. ब्रेकच्या नळीत काय परत बसवायचं ते सांगते. बाकीच्या दहा जणांनाही तुम्हीच कळवा, माझ्यावर आता ते विश्वास ठेवणार नाहीत."

पलीकडं गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि पद्मजाताई म्हणाल्या, "सांगा. मी लिहून घेतेय."